वाचकांचे प्रश्न : जनावर धरणारे हात

मागील अंकात भूल दिलेल्या प्राण्याच्या देखभालीविषयी लिहिले, तेव्हा पाळीव प्राण्यांच्या मालकांची पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. ती आलीही; परंतु या वेळी बहुतेक पत्रे जनावरांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या मदतनीसांची किंवा तसे काम करू इच्छिणाऱ्यांची आहेत. डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून जनावर धरणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले जाते, म्हणून हा संपूर्ण स्तंभ मी त्यांच्यासाठी ठेवला आहे. एक पत्र मालकाचे आहे, पण त्याचा विषयही हाच आहे.

प्रश्न : मी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले. पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळण्याइतके गुण ‘नीट’ परीक्षेत मिळाले नाहीत. दादरच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून येण्याविषयी मला विचारणा झाली आहे. मला प्राण्यांची फार आवड आहे. घरच्यांच्या मते मात्र हे सफाईचे काम आहे आणि त्यात पुढे काही नाही. मी काय करावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्या घरच्यांचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. सफाई हे या कामाचे पहिले अंग आहे आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाही. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार, झालेल्या पिलाच्या पिंजऱ्यात त्या रोगाचा विषाणू कित्येक महिने टिकून राहू शकतो, आणि सुवासिक फिनाइलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. तेथे आधी सगळा मळ धुऊन काढावा लागतो, मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण लावून पृष्ठभाग किमान दहा मिनिटे ओला ठेवावा लागतो. मळ तसाच असताना वरून ब्लीच ओतले तर त्याची शक्ती त्या मळातच संपते. पिंजरा स्वच्छ दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यात ठेवलेले दीड महिन्याचे पिलू आजार घेऊन घरी जाते. पिलू वाचवण्याचे श्रेय डॉक्टरांना मिळते, पण ते आजारीच पडू नये हे मात्र पिंजरा धुणाऱ्याच्या हातात असते.

त्यानंतर येते ते धरणे. कुत्र्याच्या पुढच्या पायातील शिरेत सुई घालायची असते तेव्हा मदतनीस एक हात त्याच्या मानेखालून घालून डोके आपल्या छातीशी वळवून घेतो, दुसऱ्या हाताने कोपरामागून पाय पुढे ढकलतो आणि अंगठ्याने शीर दाबून किंचित बाहेरच्या बाजूला फिरवतो, तेव्हा कुठे ती शीर वर येते आणि जागेवर राहते. अंगठा सैल पडला की शीर सरकते, सुई पुन्हा टोचावी लागते, आणि तिसऱ्या वेळी ते जनावर कोणालाच जवळ येऊ देत नाही. एकाच टोचण्यात सुई बसली तर त्यातले अर्धे कौशल्य धरणाऱ्याचे असते, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगते.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम म्हणजे पाहणे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना तेथील एका वयस्कर परिचराला आम्ही सगळे मामा म्हणत असू. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर एका कुत्रीला आम्ही वॉर्डात ठेवले होते, टाके उत्तम बसले होते, आणि आम्ही विद्यार्थी समाधानाने हात धूत होतो. मामांनी तिचे पंजे आणि कान चाचपले, ओठ वर करून हिरडी पाहिली आणि एवढेच म्हणाले, “ताई, पाय गार लागतायत हिचे.” हिरडी पांढुरकी झाली होती, आणि बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा तो येत नव्हता. पोटात रक्तस्राव होत होता. तिला पुन्हा टेबलावर घेतले आणि ती वाचली. मामांचे शिक्षण किती झाले होते हे मला ठाऊक नाही. पण जनावर बोलत नाही आणि म्हणून त्याला हात लावून विचारावे लागते, हे त्यांना आमच्याआधी कळले होते.

‘आवड आहे’ असे आपण लिहिता. ती हवीच, पण ती कसाला लागते तेव्हा तिचे रूप बदलते. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास मांज्याने पंख कापलेल्या घारी, घुबडे आणि कबुतरे येतात. एप्रिल-मे महिन्यांत पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे धापा टाकत, जीभ जांभळी पडलेल्या अवस्थेत येतात. त्यांच्या अंगावर बर्फ न ओतता नळाचे पाणी सोडत पंखा लावायचा असतो आणि दर थोड्या वेळाने ताप मोजून तो साधारण १०३ अंशांवर आला की थांबायचे असते. पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारे ताप, कातडीचे रोग आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतात. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेले, गाडीखाली सापडलेले कुत्रे येतात. यांतल्या कोणत्याही प्रसंगी जनावराला आपली आवड दिसत नाही. त्याला आपला हात स्थिर आहे की थरथरतो आहे, एवढेच जाणवते.

आता पुढे काय, या प्रश्नाकडे वळते. परिचारिकांसाठी जशी स्वतंत्र परिषद आणि नोंदणी आहे तशी जनावरांच्या दवाखान्यातील मदतनीसांसाठी आपल्याकडे नाही, ही या क्षेत्रातली मोठी उणीव आहे. त्यामुळे आपण काय शिकाल हे बहुतांशी दवाखान्यावर अवलंबून राहील. होकार देण्यापूर्वी एक दिवस तेथे बसू देण्याची विनंती करावी आणि काही गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक जनावराचे वजन केले जाते का, ताप मोजून लिहिला जातो का, वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या जाड डब्यात जातात की कचऱ्याच्या पिशवीत, आणि मदतनीस प्रश्न विचारतो तेव्हा डॉक्टर उत्तर देतात की नाही. साप्ताहिक सुट्टी, पगार आणि रेबीजची लस कोणाच्या खर्चाने मिळणार, हेही संकोच न करता विचारावे.

पदवीची इच्छा असेल तर ‘नीट’ पुन्हा देण्याचा विचार सोडू नये. एक वर्षाच्या आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, आणि त्याच आवारात सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय आहे. आपण लालबागला राहता म्हणजे हे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ आपल्या नेहमीच्या रस्त्यावर असेल. एखाद्या सकाळी तेथील बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे आणि घरच्यांपैकी एकाला सोबत न्यावे. माझ्या उत्तरापेक्षा त्या दोन तासांचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका दवाखान्यात मदतनीस आहे. गेल्या आठवड्यात मांजरीने माझ्या मनगटाला चावा घेतला, रक्त आले. मालकीणबाई म्हणाल्या की तिची लस झालेली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘साबणाने धू, काही होत नाही.’ मी धुतले आणि काम चालू ठेवले. मी आणखी काही करायला हवे होते का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : हा अंक हाती येईपर्यंत थांबावे लागू नये म्हणून आपल्याला मी संपादकांमार्फत आधीच निरोप पाठवला आहे, येथे तो सर्वांसाठी लिहिते. दिवस उलटून गेले म्हणून लस टाळू नये. चावल्यानंतर उशीर झाला असला तरी रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी, आणि ती महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. रक्त आलेला चावा तिसऱ्या म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात मोडतो. ज्याने पूर्वी लस घेतलेली नाही त्याला अशा वेळी लसीबरोबरच जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, आणि ते देता येते की नाही हे पहिल्या डोसानंतर किती दिवस गेले यावरही ठरते. म्हणून लस देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्या तारखा नीट सांगाव्यात. चावणाऱ्या प्राण्याची लस झाली आहे हे ऐकून स्वतःची लस टाळू नये. त्या मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवावे. तेवढ्या काळात ती ठणठणीत राहिली, तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते लस देणारे डॉक्टर ठरवतील.

जखम धुण्याचा सल्ला बरोबर होता, परंतु तो पुरा दिला गेला नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून धुवावे, मग आयोडीनयुक्त जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये आणि शक्य तोवर टाके घालू नयेत. मांजरीच्या चाव्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे दात सुईसारखे बारीक असल्यामुळे वरचे छिद्र लगेच मिटते आणि तोंडातील जिवाणू आत खोलवर, मनगटात तर थेट सांध्याजवळ अडकून राहतात. चोवीस तासांच्या आत सूज, लाली आणि ठणका सुरू झाला तर प्रतिजैविके लागतात. मनगटाच्या चाव्याला ‘काही होत नाही’ म्हणणे बरोबर नाही.

मला याहून अधिक खटकले ते असे, की दोन वर्षे काम करूनही आपल्याला चाव्याआधीची लस दिली गेलेली नाही. रोज अनोळखी कुत्र्या-मांजरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने ती घेतलेली असली पाहिजे. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असे एकूण तीन डोस असतात. ते पूर्ण झालेल्या माणसाला पुढे चावा झालाच, तर एक लगेच आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मदतनीसाला कामावर घेताना गणवेश देण्याआधी ही लस द्यावी, असे मी प्रत्येक दवाखानाचालकाला या निमित्ताने आग्रहाने सांगते. तो खर्च दवाखान्याचा आहे.

पावसाळा जवळ आला आहे, म्हणून एक गोष्ट जोडते. लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या लघवीतून ते जंतू बाहेर पडतात आणि माणसाच्या हातापायांवरील बारीक चिरांतून शरीरात शिरतात. अशा रुग्णाचा पिंजरा धुताना हातमोजे आणि गमबूट घालावेत, आणि पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, कारण त्याचे तुषार तोंडावर उडतात.

प्रश्न : आमच्या लॅब्राडॉरला दवाखान्यात नेले की तेथील मुलगा त्याला माझ्याकडून घेतो, तोंडाला पट्टी बांधतो आणि आत घेऊन जातो. आमचा कुत्रा आजवर कोणालाही चावलेला नाही. तो दाराकडे पाहत थरथरत असतो आणि मला फार वाईट वाटते. मला आत का येऊ देत नाहीत?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : वेदना होत असलेला कोणताही कुत्रा चावू शकतो, अगदी आपल्या घरातल्या बाळालाही. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष नसतो. पट्टी ही त्या मुलाच्या बोटांची काळजी आहे आणि तिला अपमान मानू नये. मात्र पट्टीचेही नियम आहेत. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे तोंड मिटवणारी कापडी पट्टी दोन-चार मिनिटांपुरतीच ठेवावी. अधिक वेळ लागणार असेल तर धाप टाकता येईल असे जाळीचे मुसके वापरावे. घरी ते मुसके दाखवून, त्यात खाऊ ठेवून आपण त्याला आधीच सवय लावू शकता.

आत येऊ न देण्याबाबत माझे मत सर्व सहकाऱ्यांना पटणार नाही. क्ष-किरणांच्या खोलीत आपल्याला प्रवेश नसणे योग्यच आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीचेही तेच. काही कुत्रे मालकाच्या रक्षणासाठीच गुरगुरतात आणि मालक बाहेर गेला की शांत होतात, हेही मी रोज पाहते. पण साध्या लसीसाठी किंवा तपासणीसाठी शांत मालकाला कुत्र्याच्या डोक्यापाशी उभे राहू द्यावे, असे मला वाटते. पाय धरण्याचे काम मदतनीसाचेच असावे. आपण तसे विचारून पाहावे. त्या वेळी ‘नाही हं बाळा, काही नाही होणार’ असे रडवेल्या स्वरात बोलत राहू नये, कारण शब्द कळत नसले तरी स्वर त्याला कळतो.

मांजर असते तर मी आणखी वेगळे सांगितले असते : टोपलीचे वरचे झाकण काढून खालच्या अर्ध्या भागातच तिची तपासणी करावी, आणि मानगुटीला धरून लोंबकळत न ठेवता जाड टॉवेलात गुंडाळावे.

प्रश्न : सहा वर्षे दवाखान्यात काम करून मी इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग सगळे शिकलो आहे. आता ओळखीचे लोक घरी बोलावून लस द्यायला सांगतात आणि चांगले पैसे देतात. हे करण्यास हरकत आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : हरकत आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणालाही स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. लसीकरण, जखमेचे ड्रेसिंग यांसारख्या किरकोळ सेवांसाठी राज्य शासन पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना परवानगी देऊ शकते, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

कायदा बाजूला ठेवला तरी कारणे पुरेशी आहेत. लस दिल्यावर क्वचित एखाद्या पिलाचे तोंड सुजते, उलट्या होतात आणि ते काही मिनिटांत कोसळते. त्या क्षणी ॲड्रेनलिन किती द्यायचे हे ठरवणारा माणूस तेथे हवा. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, ती आपल्या खिशातून बसमध्ये नेता येत नाही. शिवाय लस देणाऱ्याला लोक लगेच औषधही विचारतात. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, आणि ‘थोडा ताप आहे, अर्धी द्या’ असे सांगणारी माणसे वाईट नसतात, त्यांना एवढेच ठाऊक नसते. आपल्या हातातले कसब खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याचा मोबदला वाढवून मिळावा म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि घरी भेट द्यायचीच असेल तर ती त्यांच्यासोबत द्यावी.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी दयामरण द्यावे लागते आणि बहुतेक वेळा मीच जनावर धरते. मागील महिन्यात एकाच दिवशी तीन झाले. तेव्हापासून मला झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. खरोखर होते का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मला एकतीस वर्षांत झालेली नाही, आणि ती झाली नाही याचे मला वाईट वाटत नाही. पण झोप न लागणे निराळे. ते सहन करत राहू नये. महिनाभर झोप नसेल तर माणसांच्या डॉक्टरांना भेटावे. आपल्या व्यवसायात हा त्रास पुष्कळांना होतो आणि फार थोडे जण बोलतात.

एका दिवशी तीन वेळा एकाच व्यक्तीने धरणे ही आपली कमजोरी नव्हे, ती दवाखान्याच्या नियोजनातली चूक आहे. आमच्याकडे यासाठी पाळी लावलेली असते आणि त्यानंतर त्या व्यक्तीला निदान अर्धा तास दुसऱ्या रुग्णाजवळ बोलावले जात नाही. दयामरणाची वेळ नेहमी दवाखान्याच्या वेळेच्या शेवटी ठेवतो, म्हणजे बाहेर लस घ्यायला आलेल्या पिलांची रांग नसते. शिरेतील नळी आधीच बसवून ठेवतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी टोचाटोची होत नाही. मालकांना आधी सांगतो की हे भुलीच्याच जातीचे औषध आहे, प्राणी प्रथम झोपतो आणि मग हृदय थांबते. डोळे उघडेच राहतील, कदाचित लघवी होईल, आणि हृदय थांबल्यावरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखे दिसेल, पण त्याला त्या वेळी काहीही जाणवत नसते. हे आधी सांगितले नाही तर तो एक श्वास मालकांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो, आणि धरणाऱ्याच्याही. आपल्याला हे कोणी सांगितले होते का, असे मला पत्र वाचताना सारखे वाटत होते.

धरताना हात कोठे असावा, हेही सांगते. जनावर दुबळे असते, त्याला दाबून धरण्याची गरज उरलेली नसते. एक हात नळीच्या पायाला आधार देणारा आणि दुसरा कानामागे असावा, आणि मालकांना समोर, जनावराला दिसतील असे बसवावे.

नंतरच्या व्यवस्थेची माहितीही तयार असावी, कारण त्या वेळी मालकांना काही सुचत नाही. मालाडला महापालिकेने पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय केलेली आहे, तिचा क्रमांक टेबलावर लिहून ठेवावा. गळ्यातला पट्टा स्वच्छ पुसून कागदात गुंडाळून द्यावा. आणि त्याच संध्याकाळी, घरी निघण्यापूर्वी, त्या प्राण्याचे नाव लसीच्या आठवणीच्या यादीतून काढावे. पुढच्या महिन्यात ‘मोतीची लस राहिली आहे, कृपया घेऊन यावे’ असा संदेश त्या घरी जाता कामा नये.